स्टार्टरच्या पेटीतला मोबाइल

शेतातल्या मोटारीला जो डीओएल स्टार्टर असतो, त्याचं काम कसं चालतं ते आधी पाहू. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल ओढली जाते, संपर्क जुळतात आणि मोटार फिरू लागते. बटणावरचं बोट काढलं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. बंद पडलेलं यंत्र अचानक सुरू होऊन कुणाचा हात त्यात सापडू नये, हा तिचा हेतू. कारखान्यात ती योग्यच आहे. महाराष्ट्रातल्या शेतीला मात्र थ्री फेज लाईट चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री. मध्यरात्री लाईट आली की हिरवं बटण दाबायला कुणीतरी अंथरुणातून उठून विहिरीपर्यंत जायचं. दहा मिनिटं लाईट गेली आणि परत आली, की पुन्हा जायचं. वाटेत साप-विंचवाची भीती, आणि जुन्नर-आंबेगावकडच्या उसात बिबट्याची.

या एका बटणासाठी गावोगावच्या लोकांनी जुन्या कीपॅडच्या मोबाइलला कामाला लावलं. हँडसेट उघडायचा, आतल्या इवल्याशा व्हायब्रेटरकडे जाणाऱ्या दोन तारा बाहेर काढायच्या, त्या ट्रान्झिस्टरमार्फत एका रिलेला द्यायच्या आणि रिलेचे संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडायचे. घरून मिस्ड कॉल दिला की फोन थरथरतो, रिले ओढला जातो आणि मोटार चालू होते. कॉल उचललाच जात नाही, त्यामुळे पैसेही पडत नाहीत. मग एकेक अडचण समोर आली. जाहिरातीचा कॉल आला तरी मोटार चालू व्हायची. त्यावर नोकियाच्या जुन्या फोनमधली, एरवी फारसं कुणी न वापरणारी एक सोय उपयोगी पडली. ठरावीक गटातल्या नंबरांनाच फोन वाजावा आणि बाकीच्यांना गप्प राहावा, असं त्यात लावून ठेवता यायचं. त्या गटात घरातले दोन नंबर घातले की झालं. मोटार खरोखर फिरतेय की नुसता रिलेच वाजला, हे घरबसल्या कसं कळणार? हेडसेटची पिन खोचलेली असली तर त्या फोनमध्ये कॉल आपोआप उचलला जाण्याची व्यवस्था होती. कॉलचे पैसे पडले तरी मोटारीची घरघर कानाने ऐकता यायची. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत बॅटरी फुगते, म्हणून फोन पेटीबाहेर, सावलीतल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा.

अशा यंत्रांवरचे आक्षेप जुनेच आहेत आणि ते घेणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत वीज कंपन्यांतले अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, उद्योगांना सल्ला देणारे आहेत, धोरणांवर लिहिणारे आहेत. एक आक्षेप असा, की बाजारात तयार वस्तू मिळत असताना हा खटाटोप कशाला. यात वेळ जातो आणि शेवटी हातात येतं ते ओबडधोबड खेळणं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तिसरा म्हणजे, एका माणसाच्या एका अडचणीपुरतं केलेलं यंत्र वाढत नाही, त्याचा उद्योग होत नाही, म्हणून समाजाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. आणि चौथा, सगळ्यात टोकदार, आक्षेप असा, की अशा कल्पकतेचं कौतुक करणं म्हणजे सरकारच्या आणि कंपन्यांच्या नाकर्तेपणावर पांघरूण घालणं.

या चारही आक्षेपांत थोडंफार तथ्य आहे, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष साफ चूक आहे. चूक मापात आहे. विकायच्या वस्तूला जी कसोटी लावायची, तीच हे लोक स्वतःसाठी केलेल्या वस्तूला लावतात. घरी बनवलेल्या यंत्राबाबत दोनच गोष्टी तपासायला हव्यात. ज्याने ते बनवलं त्याची अडचण दूर झाली का? आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तर मोजावी लागली नाही ना? ते किती खपलं, कितपत देखणं आहे, त्याला पेटंट मिळेल का, गुंतवणूकदार विचारतील का, हे सारे प्रश्न नंतरचे, आणि बहुतेक वेळा गैरलागू.

दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण तिथे विरोधकांची बाजू सर्वांत भक्कम आहे. मोबाइलच्याही आधी गावात ऑटो स्विच आला. लाईट आली की हा डबा आपणहून हिरवं बटण दाबल्यासारखं करतो. गावातला वायरमन तो जोडून देतो, दुकानातही मिळतो. महावितरण मात्र वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगते आहे की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. या सांगण्यामागे खरं गणित आहे. 63 केव्हीएची डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, पूर्ण भाराला साधारण 84 अँपिअर देऊ शकते. पाच एचपीची एक मोटार चालू स्थितीत साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे दहा मोटारींचे 75 अँपिअर झाले, डीपी तेवढा भार सोसते. पण डीओएल स्टार्टरवर मोटार सुरू होताना काही क्षण सहापट करंट ओढते. एकेक मोटार सुरू झाली तर ते निभावतं. दहाही मोटारींवर ऑटो स्विच असले आणि लाईट येताच सगळ्या एकदम उठल्या, तर मागणी 450 अँपिअरवर जाते. फ्यूज उडतात, व्होल्टेज कोसळतं, आणि हे रोज घडत राहिलं तर डीपी जळते. डीपी जळली की तिच्यावरच्या सगळ्यांचं पीक वाळतं, ज्याने ऑटो स्विच बसवलेला नाही त्याचंसुद्धा.

तेव्हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय घरगुती यंत्रांची बाजू घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण पुढे काय? ऑटो स्विच काढून टाकायचा म्हणजे रात्री चालत जाऊन बटण दाबायचं. ज्या माणसाने त्या चालण्यापासून सुटका करून घेतली, त्याला पुन्हा चालायला लावणारा उपाय तो पाळणार नाही, आणि त्याने पाळावा अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. खरा उपाय त्या डब्यातच आहे. लाईट आल्यावर प्रत्येक मोटारीने वेगवेगळा वेळ थांबायचं. पहिलीने पंधरा सेकंद, दुसरीने तीस, तिसरीने पंचेचाळीस. दहावी मोटार अडीच मिनिटांनी सुरू होईल आणि डीपीवर एका वेळी एकाच मोटारीचा धक्का बसेल. यासाठी लागतो तो साधा टायमर, तोही त्याच पेटीत बसणारा. कोणत्या मोटारीला किती सेकंद हे ठरवायला मात्र एका डीपीवरचे दहा शेतकरी आणि लाइनमन एकत्र बसावे लागतात. तंत्राचा भाग गावातला वायरमन करू शकतो. एकत्र बसवण्याचं काम वीज कंपनीचं आहे. मोबाइलवरचा स्टार्टर तर या दृष्टीने आणखी बरा, कारण प्रत्येक जण आपापल्या वेळी कॉल करतो आणि सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठण्याचा धोका आपसूक कमी होतो.

जे यंत्र या दुसऱ्या प्रश्नावर नापास होतं आणि ज्याला कुठलीही दुरुस्ती वाचवू शकत नाही, तेही सांगितलं पाहिजे. विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत थेट 230 व्होल्टचा प्रवाह सोडतात. त्याने रानडुकरं मरतात, वाघ मरतात, आणि पहाटे शेताकडे निघालेला शेजारीही मरतो. हे बेकायदा आहे आणि गुन्हा म्हणूनच हाताळलं पाहिजे. गरज खरी असणं इथे पुरेसं नाही. त्याच कामासाठी जी झटका मशीन मिळते, ती साधारण सेकंदाला एक असे अगदी छोटे ठोके सोडते. व्होल्टेज भरपूर, पण ऊर्जा इतकी थोडी की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. दोन्ही कुंपणं लांबून सारखीच दिसतात. घरगुती यंत्रं सरसकट धोक्याची म्हणणारे आणि सरसकट कौतुकाची म्हणणारे, दोघेही हा फरक पाहत नाहीत. फरक यंत्र घरी बनलं की कारखान्यात, यात नाही. बनवणाऱ्याला प्रवाहाचं गणित ठाऊक आहे का आणि शेजाऱ्याचा जीव त्याच्या हिशेबात आहे का, यात आहे.

घरगुती यंत्रांची बाजू घेणारे बहुतेक जण आणखी एक चूक करतात. कुणी खेळणं म्हणून हिणवलं की ते लगेच मोठी झालेली उदाहरणं पुढे करतात. महाराष्ट्रातलं त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे नॅनो गणेश. रात्री-अपरात्री पंपाकडे जाणाऱ्या आजोबांचे हाल पाहिलेले पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं उपकरण तयार केलं. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत ते गौरवलं गेलं. दुसरं उदाहरण केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतलं. तिथे कॉफीचं भांडं एका खोलीबाहेर आणि संशोधक वेगवेगळ्या मजल्यांवर. जिने उतरून यावं तर भांडं रिकामं. 1991 मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं 128 गुणिले 128 ठिपक्यांचं करडं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणून दिलं. 1993 मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झालं. 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते बिघडलेलं कॉफी यंत्रसुद्धा तीन हजार पौंडांहून अधिक किमतीला विकलं गेलं.

उदाहरणं खरी आहेत, सुंदरही आहेत. पण त्यांच्या आधाराने बाजू मांडणं म्हणजे विरोधकांचंच माप मान्य करणं. नॅनो गणेशला बक्षीस मिळालं नसतं तर ते निरर्थक ठरलं असतं का? केंब्रिजचा कॅमेरा प्रयोगशाळेबाहेर कधीच गेला नसता, तरी रिकाम्या भांड्यासाठी जिना उतरायचं थांबलं त्याच दिवशी त्याचं काम झालं होतं. शंभर गावांतल्या शंभर वायरमननी जोडून दिलेल्या, कधीही कुठल्या स्पर्धेत न उतरलेल्या डब्यांचं मोल नॅनो गणेशच्या मोठेपणावर ठरत नाही. ते ठरतं ज्याची त्याची रात्रीची चक्कर वाचली का, यावर.

आता बाजारातल्या तयार वस्तूंचा प्रश्न. तयार वस्तू चांगली मिळत असेल तर ती विकत घ्यावी, यात वाद नाही. पण तयार वस्तू सरासरी गिऱ्हाइकासाठी बनते, आणि अडचण कधी सरासरी नसते. पुण्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीची पाण्याची टाकी घ्या. पाणी ठरलेल्या वेळी येत नाही, खालची टाकी भरते तेव्हा वरची रिकामी असते, पंप चालू राहिला तर पाणी गच्चीवरून वाहतं. दुकानातला तयार कंट्रोलर पाण्यात तारा सोडतो. क्षारांचं पाणी असलं की त्या तारांवर थर बसतो आणि काही काळाने तो खोटं सांगू लागतो. मग इमारतीतला कुणीतरी तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जातो आणि ध्वनिलहरींवर चालणारा जलरोधक सेन्सर आणतो. सेन्सर वरून ध्वनी सोडतो, पाण्यावरून तो परत येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यावरून पाण्याची पातळी निघते. पहिल्या दिवशी सगळं नीट चालतं. टाकी भरत आली की मात्र आकडे वेडेवाकडे येऊ लागतात, कारण हा सेन्सर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं काही पाहू शकत नाही. म्हणून झाकणावर पाइपचा तुकडा बसवून सेन्सर तेवढा वर न्यावा लागतो. मग पहाटे त्याच्या तोंडावर बाष्पाचे थेंब जमतात आणि टाकी रिकामी असताना भरलेली दिसते. म्हणून एका मोजणीवर विश्वास न ठेवता पाच मोजण्या घेऊन मधली धरायची.

यात वेळ गेला, हे खरं. पण त्या वेळात त्या माणसाला आपल्या टाकीचं पाणी, आपला पंप, आपली वायरिंग कळली. पुढे काही बिघडलं तर तो दुरुस्त करू शकतो. तयार डबा बिघडला की फेकायचा आणि दुसरा आणायचा. किमतीची तुलना करताना हा फरक कुणी धरत नाही. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी म्हणून आर्डुइनो हा बोर्ड जन्माला आला, आणि 2014 नंतर वायफाय असलेल्या चिपा काही शे रुपयांत मिळू लागल्या. तेव्हापासून असल्या कामाला लागतो तो पैसा कमी आणि चिकाटी जास्त.

आणि बाजार सगळं आणून देईल ही श्रद्धा किती पोकळ आहे, ते मधुमेहाच्या उदाहरणातून दिसतं. हे उदाहरण महाराष्ट्रातलं नाही, पण या वादात याच्याइतका मोठा पुरावा दुसरा नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्या डेना लुइस यांना टाइप 1 मधुमेह. रक्तातली साखर सतत मोजणारा सेन्सर त्यांच्या अंगावर होता. रात्री साखर धोकादायक खाली गेली की तो वाजायचा, पण त्यांची झोप मोडेल इतक्या जोरात वाजायचा नाही. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही जिवावरची गोष्ट आहे. 2013 मध्ये जॉन कॉस्टिक या वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधली माहिती बाहेर काढून स्वतःला कुठूनही पाहता येईल अशी सोय केली होती. तीच युक्ती घेऊन लुइस आणि स्कॉट लिब्रँड यांनी आधी मोठ्याने वाजणारा गजर केला. मग साखर पुढे कुठे जाईल याचा अंदाज देणारा हिशेब त्यात आला. डिसेंबर 2014 पर्यंत छोट्या रास्पबेरी पाय संगणकाने जुन्या इन्सुलिन पंपाला स्वतःहून मात्रा कमी-जास्त करायला सांगायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी ही सगळी रचना ओपन एपीएस या नावाने जगासाठी खुली केली. अशा प्रकारच्या पहिल्या व्यापारी यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, एफडीएची, मंजुरी मिळाली ती सप्टेंबर 2016 मध्ये. आम्ही वाट पाहत बसणार नाही, हेच या रुग्णांचं आणि पालकांचं घोषवाक्य होतं.

सुरक्षिततेचा आक्षेप इथे सर्वांत गंभीर आहे, कारण इन्सुलिनची मात्रा चुकली तर माणूस मरू शकतो. मे 2019 मध्ये एफडीएने परवानगी नसलेल्या अशा जोडण्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. एका रुग्णाला इन्सुलिन जास्त गेल्याने उपचार घ्यावे लागले होते, असं त्यात म्हटलं होतं. ती घटना लपवण्यासारखी नाही. पण त्यावर डॉक्टरांनी जे केलं, तेच करायला हवं होतं. त्यांनी तपासून पाहिलं. न्यूझीलंडमध्ये 97 जणांवर, मुलं आणि मोठी माणसं दोघांवर, 24 आठवड्यांची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. खुल्या प्रणालीवर असलेल्यांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ 61.2 टक्क्यांवरून 71.2 टक्क्यांवर गेला. सेन्सर आणि पंप असूनही ही प्रणाली नसलेल्यांचा तो 57.7 वरून 54.5 वर घसरला. दोन गटांतला फरक दिवसाला 3 तास 21 मिनिटं इतका भरला. साखर अति खाली जाण्याची गंभीर घटना कुठल्याच गटात घडली नाही. जानेवारी 2023 मध्ये याच खुल्या चळवळीतून आलेल्या टाइडपूल लूप या प्रणालीला एफडीएची मान्यता मिळाली. ज्या कामाला धोक्याचं म्हटलं गेलं, ते उजेडात आणून तपासल्यावर नियमांच्या चौकटीत बसलं. बंदी घालून हे घडलं नसतं. घरगुती प्रयोग करणाऱ्यांनी आपलं सगळं लिहून ठेवलं होतं, आपल्या चुकांसकट, आणि तपासणाऱ्यांनी ते वाचण्याचे कष्ट घेतले, म्हणून हे घडलं.

वाढत नाही म्हणून किंमत शून्य, या तर्कालाही इथेच उत्तर मिळतं. लुइस यांनी यंत्र विकलं नाही. रचना दिली, आणि ज्याला हवं त्याने ते स्वतः जोडायचं. पसरायला कारखाना लागतोच असं नाही. एमआयटीतले प्राध्यापक एरिक व्हॉन हिपेल यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत, मागच्या तीन वर्षांत स्वतःच्या उपयोगासाठी एखादी वस्तू नव्याने बनवलेली किंवा तिच्यात मोठा बदल केलेली प्रौढ माणसं 6.1 टक्के निघाली, म्हणजे जवळजवळ 29 लाख. त्यांतल्या अगदी थोड्यांनी आपल्या कल्पनेवर हक्क सांगितला होता. ही माणसं कुठल्याही उद्योगाच्या आकडेवारीत दिसत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीला शून्य म्हणणं हा मोजणाऱ्याचा दोष आहे.

राहिला चौथा आक्षेप, कौतुकाच्या राजकारणाचा. यातली चीड खरी आहे आणि तिच्याशी सहमत व्हायला हवं. शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळणं हाच रात्रीच्या चकरांवरचा उपाय आहे. मोबाइलने मोटार चालू झाली, तरी पाटाने पाणी देणाऱ्याला दारं धरायला रात्री रानात जावंच लागतं. सुटका होते ती ठिबक असलेल्याचीच. दिवसा वीज देण्यासाठी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ती गावोगाव पोचेपर्यंत पाठपुरावा करायला हवा, आणि मोबाइल स्टार्टरकडे बोट दाखवून कुणी पुढारी शेतकऱ्यांच्या कल्पकतेचे गोडवे गात असेल तर त्याला भर सभेत अडवायला हवं.

पण या चिडीचा रोख चुकतो आहे. दिवसा लाईट देण्याची जबाबदारी स्टार्टरच्या पेटीत रिले जोडणाऱ्या माणसाची नाही. त्याने जोडणी केली नसती तर सरकार लवकर जागं झालं असतं, असं म्हणायला काहीही आधार नाही. तो फक्त आणखी काही वर्षं अंधारात चालत राहिला असता. व्यवस्था सुधारेपर्यंत माणसांनी हाल सोसावेत म्हणजे त्यांच्या हालांचा पुरावा शाबूत राहील, ही मागणी क्रूर आहे, मग ती कितीही चांगल्या हेतूने केलेली असो. शिवाय स्वतः काही जोडून पाहिलेला माणूस व्यवस्थेला जास्त नेमके प्रश्न विचारतो. कोणत्या फेजला व्होल्टेज किती पडतं, डीपीवर मंजूर भार किती आणि प्रत्यक्ष किती, हे ज्याने मोजलं आहे त्याच्या अर्जाला टोलवाटोलवीचं उत्तर देणं उपअभियंत्याला अवघड जातं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात या विचाराची शाळाच उभी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातलं काम सोडून तिथे गेले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कोरडवाहू, पाण्याला तरसणारं गाव त्यांनी जाणीवपूर्वक निवडलं. शाळेत नापास झालेल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हे सगळं हाताने करत विज्ञान शिकायचं, आणि शिकताना गावाच्या खऱ्या अडचणी सोडवायच्या, अशी त्यांची पद्धत. जमिनीचा विद्युत रोध मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज घेणं तिथली मुलं शिकली. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅब ही कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 मध्ये याच पाबळमध्ये सुरू झाली. तिथे काम आधीपासून चालू होतं, म्हणून ती पाबळला गेली. आक्षेप घेणाऱ्यांना ज्या गुणांची उणीव वाटते, म्हणजे गणित, शिस्त, सुरक्षिततेची जाण, ते गुण शिकवता येतात आणि ते कुठल्याही तालुक्याच्या गावी शिकवता येतात, याचा हा चार दशकांचा दाखला.

घरगुती यंत्रं धोक्याची होतात त्याचं मोठं कारण बनवणाऱ्याचा मूर्खपणा हे नसतं. त्याला अंधारात काम करावं लागतं, हे असतं. स्टार्टरमधली कोणती तार कुठे जाते, रिलेवर छापलेले दहा अँपिअर मोटारीच्या भाराला का पुरत नाहीत आणि तिथे कॉन्टॅक्टर का लागतो, अर्थिंग कुठून घ्यायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या वर्षअखेरीस या हक्काचं पोर्टलही सुरू झालं. सुरुवातीच्या चार क्षेत्रांत शेतीची उपकरणं आहेत. तेव्हा पंप आणि कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपन्यांकडून पहिली मागणी हीच हवी: वायरिंगचा पूर्ण नकाशा, बाहेरून टायमर किंवा रिले जोडण्यासाठी वेगळी आणि स्पष्ट खूण केलेली टर्मिनल, आणि त्यांवर जास्तीत जास्त किती भार चालेल याचा आकडा. हे सारं मराठीत, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं.